‘बाहेरच्यां’वरून घरात भांडण लागलं तर: एका दिवाणजीची वही

२०२५ च्या भोगीला आमच्या घरी जे भांडण झालं त्यातून ही पद्धत निघाली, म्हणून आधी तेवढं सांगतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा बघून आम्ही दुपारी घरी आलो. पंगतीला चौघं. पुतण्या महिनाभराच्या सुट्टीवर आलेला. तो अमेरिकेत, टेक्सासात डॅलसजवळ राहतो, एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे कंपनीनं काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर. मेहुणा, ज्याचे टॉवेलचे बारा माग आहेत. शेजारचा जॉबर, ज्याची तीस वर्षं मागाच्या दुरुस्तीत गेली. आणि मी. ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, शेंगाचटणी. पुतण्या म्हणाला, सीमेवरून बेकायदा घुसणाऱ्यांनी तिकडं वाट लावली आहे, येत्या २० तारखेला ट्रम्प खुर्चीवर बसले की बंद होईल सगळं. जॉबर म्हणाला, “इथं तरी काय वेगळं आहे? बिहारवाल्यांनी आमची मजुरी खाल्ली.” मेहुणा उसळला, “मग तुमची पोरं मागावर का येईनात बे?” एवढा वेळ गप्प होतो तो मी बोललो. पुतण्याला म्हणालो, “तुला तिकडं कोण घरचा म्हणतंय? तूही बाहेरचाच की.”

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. परत गेल्यावर चार महिने त्याचा मला फोन नव्हता.

अडतीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात दिवाणजी होतो. रोजमेळ, मजुरीची वही, दिवाळीच्या बोनसचा हिशेब, हेच काम. नंतर विचार केला तर लक्षात आलं, की माझा टोमणा बसला झकास, पण जॉबरची मजुरी वाढली की घटली हा मूळ प्रश्न पंगतीत तसाच पडून राहिला. हिशेबाच्या माणसानं हिशेब सोडून टाळी घेतली. तर आता मी काय करतो ते लिहितो. तुमच्या घरी, कट्ट्यावर, कारखान्यात चालतंय का बघा.

आधी ढीग वेगळे करा

‘बाहेरचे आले’ या एका वाक्यात चार भांडणं असतात. कामाचं आणि मजुरीचं. सरकारच्या खर्चाचं, म्हणजे पाणी, शाळा, दवाखाना. कायद्याचं, म्हणजे कोण कागद घेऊन आला आणि कोण बिनकागदाचा. आणि भाषेचं, आपलेपणाचं. समोरचा कुठल्या ढिगावर उभा आहे ते पहिल्या दोन मिनिटांत विचारून घ्या. सरळ विचारा, “तुला मजुरीचं दुखतंय का भाषेचं?” चिडलेला माणूससुद्धा याचं उत्तर देतो, कारण त्याला असं कुणी विचारलेलंच नसतं.

एका ढिगाच्या प्रश्नाला दुसऱ्या ढिगातलं उत्तर देऊ नका. दुकानात मराठी ऐकू येत नाही म्हणून ज्याला वाईट वाटतं, त्याला उत्पादन वाढल्याचे आकडे ऐकवून काय होणार? आणि ज्याची मजुरी अडकली आहे त्याला ‘आपली संस्कृतीच मोठी’ ऐकवणं म्हणजे जखमेवर गुलाल.

भाषेचा ढीग मी शक्यतो शेवटी घेतो. आमचंच बघा. आजोबा निजामाच्या मुलखातून, म्हणजे आताच्या तेलंगणातून, हातमागाचं कसब घेऊन सोलापुरात आले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि दखनी. भांडण मात्र आमच्याकडे मराठीतच होतं, का ते मार्कंडेयालाच ठाऊक. तरीही ‘सोलापूर तर बाहेरच्यांनीच वसवलं’ हे वाक्य मी वादात वापरत नाही. १८७७ च्या जुन्या मिलपासून चादरीपर्यंत ते बरंचसं खरं आहे. पण ते ऐकून आज मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एक रुपया जास्त पडत नाही.

देशाचं खातं उघडू नका, माणसांची उघडा

हे मुख्य काम आहे, इथं वेळ घ्या.

‘देशाला फायदा’, ‘राज्याचं नुकसान’ असली खाती माझ्या वहीत नसतात. देश शनिवारी पगाराला येत नाही. एक पान घ्या, मधे रेघ मारा, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मग एकच खरा माणूस घ्या आणि त्याच्यामुळे कुणाचं काय झालं ते नावानिशी लिहा. मी मेहुण्याच्या कारखान्यातला, बिहारमधल्या दरभंग्याकडचा एक पोरगा घेतला.

मेहुणा: जमा. रात्रपाळी चालते, माल वेळेवर निघतो. किराणावाला, चहावाला, मोबाइलवाला: थोडंथोडं जमा. गावाकडं पाठवलेले पैसे: सोलापूरच्या बाजूनं नावे, दरभंग्याला जमा. टॉवेल विकत घेणारं गिऱ्हाईक: जमा, पण इतकं बारीक की त्याला कळतही नाही. महापालिका: नावे. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यात सहा घागरी वाढल्या. खुद्द तो पोरगा: सगळ्यात मोठी जमा. हे खातं लिहायला लोक हमखास विसरतात.

मग जॉबरचं पान. मेहुणा म्हणाला, “दाजी, ह्याचं काही गेलं नाही, दर तोच आहे.” मी जॉबरला विचारलं, “तूच सांग, तुझं नेमकं काय गेलं?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दिवाणजी, दर कमी झाला नाही. वाढायचा होता तो वाढला नाही.” आणखी खोदल्यावर खरी गोष्ट निघाली. त्याला घर आहे, बायको आहे, शुगर आहे, म्हणून तो रात्रपाळीला नाही म्हणू शकतो. पूर्वी त्याच्या ‘नाही’ला किंमत होती, मालक दोन पैसे वाढवून त्याला मनवायचा. कारखान्यातच झोपणारं पोरगं नाही म्हणू शकत नाही. मालक त्याला रात्री दोनला हाक मारून उठवतो. म्हणजे गेली ती जॉबरची घासाघीस करायची ताकद. ही रक्कम कुठल्याच वहीत दिसत नाही, अडतीस वर्षांत मलाही दिसली नव्हती.

पान भरलं की एक गोष्ट कळते. जमेची रक्कम दहा जणांत विरघळते आणि नावेची एकदोघांच्या अंगावर पडते. म्हणून मेहुणा ‘सगळ्यांचं भलं झालं’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नाही, आणि जॉबरही खोटं बोलत नाही.

दुरडीतल्या भाकरी

बहुतेक लोकांच्या डोक्यात गावातली कामं म्हणजे दुरडीतल्या मोजलेल्या भाकरी असतात. एकानं उचलली की आपली एक गेली. समोरचा असं बोलला तर ‘चूक’ म्हणून तोडू नका. आठवडाभराचा, एकाच कारखान्याचा हिशेब केला तर दुरडी खरंच मोजलेली असते. बारा मागांना माणसं लागतात तेवढीच लागतात. पण चार-पाच वर्षांचा आणि सगळ्या शहराचा हिशेब केला तर आलेला माणूस भाकरी थापतोही आणि विकतही घेतो. खोली, जेवण, कपडा, रिक्षा. मग नवी कामं निघतात, फक्त ती ज्याचं काम गेलं त्यालाच मिळतील असं नाही. म्हणून वादात आधी ठरवा: किती दिवसांचं बोलतोय आणि किती मोठ्या गावाचं? निम्मं भांडण तिथंच बसतं. उरलेलं निम्मं खरं असतं, ते चालू द्या.

कुणी ‘अभ्यासात सिद्ध झालंय’ म्हणालं तर

मे महिन्यात पुतण्याचा फोन आला तेव्हा मी माफी मागितली. नंतर त्यानंच मला मायामीची गोष्ट वाचायला दिली. या वादातला तो सगळ्यात गाजलेला हिशेब आहे, म्हणून सांगतो.

१९८० मध्ये क्युबानं मारिएल बंदर उघडलं आणि सहा-सात महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक होड्यांनी अमेरिकेला गेले. त्यातले निम्मे तरी मायामीत राहिले. शहरातल्या काम करणाऱ्यांची संख्या एका दमात ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञानं १९९० मध्ये मायामीतली मजुरी अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा या शहरांशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की तिथल्या मजुरीवर आणि बेकारीवर जवळजवळ परिणामच झाला नाही. पंचवीस वर्षांनी जॉर्ज बोर्हास यानं तीच गोष्ट पुन्हा मोजली. पण त्यानं शाळा अर्धवट सोडलेल्या, स्पॅनिश वंशाच्या नसलेल्या पुरुषांचंच खातं उघडलं. त्यांची मजुरी १० ते ३० टक्के पडलेली दिसली. मग बाकीचे म्हणाले, या खात्यात माणसंच इतकी थोडी आहेत की आकडा भरवशाचा नाही, शिवाय त्याच वर्षांत पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं, त्यांची मजुरी आधीपासूनच कमी, त्यानं सरासरी आपोआप खाली आली. वाद अजून मिटलेला नाही. कार्डला २०२१ मध्ये नोबेल मिळालं, तरीही नाही. गंमत अशी, की कार्ड जन्मानं कॅनडाचा आणि बोर्हास हवानाचा. अमेरिकेतल्या बाहेरच्यांवरचा सगळ्यात मोठा वाद दोन बाहेरच्यांचा!

एकच शहर, एकच साल, आणि खातं बदललं की बेरीज बदलली. म्हणून कुणी अभ्यास तोंडावर फेकला की तीनच गोष्टी विचारा. कुणाची मजुरी मोजली? किती वर्षं मोजली? कुठल्या गावाशी ताडून? उत्तर येत नसेल तर तो अभ्यास वादातून बाजूला ठेवायला सांगा. हे स्वतःच्या बाजूच्या अभ्यासालाही लावा. अवघड जातं.

उलट्या बाजूचाही एक नमुना आहे. १९४२ पासून अमेरिका मेक्सिकोतले हंगामी शेतमजूर करारानं आणायची. मजुरी वाढावी म्हणून १९६४ च्या शेवटी ती योजना बंद केली. जवळजवळ पाच लाख मजूर यायचे थांबले. पुढं अभ्यासकांनी हिशेब केला तर स्थानिक शेतमजुरांची मजुरी त्यामुळं काही वेगळी वाढलेली दिसली नाही. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायची यंत्रं घेतली, जिथं यंत्र चालत नव्हतं तिथली काही पिकंच कमी केली. हे मी जॉबरला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, “म्हणजे रॅपियर लूम.” बरोबर आहे. २०२० च्या टाळेबंदीत माणसं गावाकडं गेली तेव्हा मेहुणासुद्धा या रॅपियर, म्हणजे धोट्याशिवाय आणि कमी माणसांत चालणाऱ्या मागांची चौकशी करत होता. बँकेनं कर्ज दिलं नाही म्हणून राहिलं, नाहीतर बारा मागांवरची निम्मी माणसं, बिहारची आणि सोलापूरची दोन्ही, घरी गेली असती.

सरकारी खर्चाचं भांडण कसं सोडवायचं

इथं एक साधी गोष्ट विचारा: कर कुणाच्या गल्ल्यात जातो आणि खर्च कुणाच्या गल्ल्यातून होतो?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये बाहेरून येणाऱ्यांवर मोठा अहवाल काढला. त्यात असं आलं, की लांबच्या मुदतीत एकूण मजुरीवर परिणाम थोडाच होतो. जो होतो तो आधी आलेल्या स्थलांतरितांवर आणि कमी शिकलेल्यांवर जास्त. पहिल्या पिढीचा बोजा राज्यांवर आणि गावांवर पडतो, कारण पोरांच्या शाळांचा खर्च त्यांच्याकडं. तीच पोरं मोठी होऊन कमावती झाली की चांगला कर भरणाऱ्यांत जातात, आणि त्यातला मोठा वाटा वॉशिंग्टनच्या तिजोरीत पडतो. म्हणजे एकाच माणसाचं खर्चाचं बिल टेक्सासकडं आणि कमाईची पावती वॉशिंग्टनकडं.

सोलापुरात हे समजावायला अजिबात कष्ट पडत नाहीत. टॉवेलवरचा जीएसटी केंद्राला आणि राज्याला, टँकर मात्र महापालिकेचा. वस्तीतल्या माणसाला बिल दिसतं, पावती दिसत नाही. त्याला अडाणी म्हणू नका. त्याच्या हातात कागदच एक आहे.

देशातला बाहेरचा आणि देशाबाहेरचा

माझ्या टोमण्यात हीच चूक होती. दरभंग्याचं पोरगं भारताचा नागरिक आहे. घटनेच्या कलम १९ नं त्याला देशात कुठंही जायचा आणि राहायचा हक्क दिला आहे. आपल्या राज्याचं ८० टक्के स्थानिकांना नोकरी देण्याचं धोरण १९६८ पासून आहे, पण हरियाणानं खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदा केला तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तो रद्द केला. डॅलसमधल्या पुतण्याला असला हक्क नाही. त्याचा व्हिसा कंपनीच्या नावाला बांधलेला. कंपन्यांसाठी असे नवे व्हिसे वर्षाला ८५ हजार, त्यातले २० हजार तिकडं पदव्युत्तर शिकलेल्यांना राखीव. आणि सीमा ओलांडून बिनकागदाचा आलेला मेक्सिकोचा माणूस हे तिसरंच खातं. तिघांना एका नावाखाली लिहिलं की ताळेबंद कधीच जुळत नाही.

पण बघा, पुतण्याचं आणि दरभंग्याच्या पोराचं एक दुखणं सारखं निघालं. दोघंही मालकाला नाही म्हणू शकत नाहीत. एकाची खोली कारखान्यात, एकाचा व्हिसा कंपनीकडं. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर लावले तेव्हा पुतण्याच्या कंपनीत एकानंही सुट्टी मागितली नाही, असं तोच म्हणाला. तिकडच्या इंजिनियरची जी तक्रार आहे, की हे लोक पडत्या पगारातही गप्प राहतात, ती आमच्या जॉबरच्या तक्रारीची सख्खी बहीण. हे मी टोमणा म्हणून बोललो नाही, त्यानंच जोडलं. असं जोडायचं काम समोरच्यावर सोडा.

एक आकडा मात्र खिशात ठेवा. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरित ४५ कोटींवर निघाले. त्यातले बहुतेक राज्यातल्या राज्यात हललेले, आणि सगळ्यात मोठं कारण लग्न. हे मी सांगितलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “गुलबर्ग्याहून आले तेव्हा मला कुणी भत्ता दिला नव्हता.” तिचं पान अजून लिहायचं आहे.

बसायचं कसं, उठायचं कसं

जेवण झाल्यावर बसा. उपाशी माणसाशी मजुरीवर बोलू नये. मोबाइलच्या ग्रुपवर हा विषय काढूच नका, तिथं पान मांडता येत नाही. ज्याचं नावे पडलंय त्याला पहिल्यांदा बोलू द्या आणि मालकाला शेवटी. आमच्याकडं उलटं व्हायचं, कारण मेहुण्याचा आवाज मोठा.

‘काय करायला पाहिजे’ हे विचारताना खात्याकडं बोट ठेवूनच विचारा. ‘त्यांना हाकला’ म्हणणाऱ्याला विचारा, कुणाच्या नावेची भरपाई होईल आणि किती? ‘येऊ दे सगळे’ म्हणणाऱ्याला विचारा, जॉबरचं काय? आमच्या पानावर मेहुण्यानं आणि जॉबरनं कबूल केलेली एकच गोष्ट निघाली. रात्रपाळीचा दर वेगळा आणि जॉबरला नि पोराला सारखा, आणि कारखान्यात झोपायची सोय बंद. मेहुण्यानं हे कबूल करताना तोंड कडू केलं. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला तेव्हा ठेकेदाराला परवाना, मजुराला विस्थापन भत्ता असं सगळं कागदावर आलं होतं. आमच्या वहीत तो भत्ता मी एकदाही लिहिला नाही. कुणी मागितला नाही, आणि मीही काढला नाही.

मत बदलावं म्हणून बसू नका. जॉबर अजूनही त्याच पक्षाला मत देतो, पुतण्याला अजूनही सीमा बंद हवी आहे. फरक एवढाच की आता तो कारण सांगतो तेव्हा कुठल्या खात्याचं बोलतोय ते आधी सांगतो. दोघांचा आवाज तिसऱ्यांदा चढला की वही मिटवा. चहा ठेवा.

परवा पुतण्याचा फोन होता. म्हणाला, “बाबाई (तेलुगूत काका), त्या दरभंग्याच्या पोराचं काय झालं?” म्हटलं, छठला गावी गेला तो आलाच नाही, माग बंद आहे. “मग जॉबरच्या खात्यात काय लिहिलं?”

अजून काही लिहिलं नाही. मेहुण्यानं त्याला रात्रपाळी विचारली आहे आणि त्यानं दर सांगितला आहे. पगार शनिवारी.